अणुदुर्घटनेच्या कामावर जाताना थायरॉईडची काळजी: मास्क, गोळी आणि नोंदवही

गोव्याच्या दक्षिण टोकाचे काणकोण ओलांडून पोळेच्या नाक्यावरून कर्नाटकातील कारवारला उतरले आणि काळी नदीच्या खोऱ्याने आत गेले की कैगा अणुविद्युत केंद्र लागते. प्रत्येकी २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्यांचे हे केंद्र २००० सालापासून वीज देत आहे. भारतातील अणुविद्युत केंद्रांभोवती आणीबाणीच्या नियोजनासाठी १६ किलोमीटर त्रिज्येचे क्षेत्र आखलेले असते आणि काणकोण त्या वर्तुळाच्या बाहेर राहते. परंतु हा लेख वर्तुळाच्या आत राहणाऱ्यांसाठी नसून वर्तुळाच्या आत कामाला जाणाऱ्यांसाठी आहे. मग तो दुरुस्तीच्या कंत्राटावर गेलेला वेल्डर असो, अग्निशामक दलाचा जवान असो, १०८ रुग्णवाहिकेचा चालक असो किंवा माणसे हलवण्यासाठी बस घेऊन निघालेला कदंब परिवहन महामंडळाचा चालक असो. दुर्घटना कोठेही होऊ शकते, कदाचित कधीच होणार नाही. पण झाली तर थायरॉईडच्या बाबतीत बहुतेक गोष्टी पहिल्या काही तासांत ठरतात आणि त्या वेळी वाचत बसायला कोणालाच सवड नसते.

आधी धोका नेमका कशाचा ते पाहावे

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. वजन जेमतेम १५ ते २५ ग्रॅम. संप्रेरके तयार करण्यासाठी तिला आयोडीन लागते आणि रक्तातून आलेले आयोडीन साधे आहे की किरणोत्सारी, हे तिला ओळखता येत नाही. अणुभट्टीचे इंधन फुटले की बाहेर पडणाऱ्या द्रव्यांत आयोडीन-१३१ असते. ते श्वासातून किंवा तोंडावाटे शरीरात शिरते, थायरॉईड ते ओढून घेते आणि इतक्या छोट्या ग्रंथीत साठल्यामुळे तेथील पेशींना मिळणारी किरणोत्साराची मात्रा उरलेल्या शरीराच्या मानाने कितीतरी पटींनी जास्त होते.

या आयोडीनचे अर्धायुष्य सुमारे ८ दिवसांचे असते. म्हणजे ८ दिवसांत ते निम्मे होते आणि ८० दिवसांत साधारण हजारावा भाग उरतो. म्हणून आपण दुर्घटनास्थळी कोणत्या तारखेला होतो, हा प्रश्न थायरॉईडच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरतो. चेर्नोबिलला २६ एप्रिल १९८६ रोजी दुर्घटना झाली आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे सहा लाख माणसांनी तेथे सफाईचे व बंदोबस्ताचे काम केले. पण आयोडीन श्वासातून गेले ते मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत तेथे असलेल्यांच्या. नंतर आलेल्यांना जे लागले ते बाहेरून येणारे किरण होते. दोघांच्या हातात त्या कामाचे प्रमाणपत्र एकच असले, तरी त्यांच्या थायरॉईडची कथा वेगळी आहे.

प्रत्येक किरणोत्सारी काम थायरॉईडला सारखेच घातक नसते, हेही येथेच स्पष्ट केलेले बरे. जहाजबांधणीत किंवा पाइपलाइनवर वेल्डिंगचे जोड तपासण्यासाठी इरिडियम-१९२ हे किरणोत्सारी द्रव्य वापरणाऱ्या कामगाराला धोका असतो तो बाहेरून येणाऱ्या किरणांचा; तेथे आयोडीनची गोळी घेऊन काडीचाही उपयोग नाही, अंतर आणि शिशाचा आडोसा यांचाच उपयोग आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये कैगा येथे पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) असलेले, अणुभट्टीत वापरायचे जड पाणी मिसळले गेल्याचे उघडकीस आले आणि पन्नासहून अधिक कामगारांच्या लघवीत ट्रिशियम आढळले. तेव्हाही प्रश्न थायरॉईडचा नव्हता, कारण ट्रिशियम पाण्याबरोबर सर्व शरीरभर पसरते आणि लघवीवाटे निघून जाते. त्या प्रकरणातून घेण्यासारखी गोष्ट अशी की, ते लक्षात आले ते लघवीच्या नेहमीच्या तपासणीमुळे. म्हणून कामावर पाठवणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा तो हा: तेथे हवेत आयोडीन आहे का, आणि ते कोणी मोजले आहे?

निघण्यापूर्वी

ज्यांना अशा कामावर जावे लागण्याची शक्यता आहे, त्यांनी शांततेच्या काळातच एकदा टीएसएच आणि फ्री टी४ या थायरॉईडचे काम कसे चालले आहे ते दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करून घ्याव्यात आणि डॉक्टरांकडून गळा हाताने तपासून घ्यावा. या तपासण्यांचा खर्च फार नाही आणि बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापासून तालुक्याच्या गावापर्यंत त्या कोठेही होतात. त्यांचे खरे मोल पुढे कळते. पाच वर्षांनी टीएसएच वाढलेला दिसला, तर तो आधीपासूनच वाढलेला होता की नंतर वाढला, याचे उत्तर त्या जुन्या कागदावरच असते. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रक्त देण्याआधी दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात, कारण बायोटिनमुळे काही प्रयोगशाळांतील थायरॉईडचे आकडे चुकीचे येतात.

आता मास्कविषयी, कारण माझ्या मते कामगाराच्या थायरॉईडचे रक्षण करणाऱ्या साधनांत गोळीचा क्रमांक दुसरा आणि मास्कचा पहिला आहे. आयोडीन काही अंशी धुळीच्या कणांना चिकटून आणि काही अंशी वायुरूपात हवेत असते. कोविडच्या काळात घराघरांत आलेले कापडी मास्क येथे निरुपयोगी आहेत; एन-९५ धुळीचे कण अडवतो, पण आयोडीनचा वायू अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचे फिल्टर असलेला, संपूर्ण चेहरा झाकणारा मास्क लागतो. जपानमधील फुकुशिमा अणुविद्युत केंद्रात १२ मार्च २०११ रोजी पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट झाल्यानंतर नियंत्रण कक्षातील काही कर्मचाऱ्यांच्या श्वासातून आयोडीन गेले. कोळशाच्या फिल्टरचे मास्क वेळेवर न लावणे, चष्म्याच्या काड्यांमुळे मास्कच्या कडेला फट राहणे आणि त्याच कक्षात खाणेपिणे, ही कारणे नंतरच्या चौकशीत पुढे आली. सहा कर्मचाऱ्यांची मात्रा २५० मिलिसिव्हर्टच्या (शरीराला मिळालेला किरणोत्सार मोजण्याचे एकक) वर गेली. त्यांतील सर्वाधिक मात्रा सुमारे ६७९ मिलिसिव्हर्ट होती आणि तिचा बहुतांश भाग शरीरात गेलेल्या किरणोत्सारी द्रव्यांचा होता. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सारविषयक वैज्ञानिक समितीच्या अंदाजानुसार सर्वाधिक बाधित १२ कामगारांच्या थायरॉईडला २ ते १२ ग्रे (एकट्या अवयवाची मात्रा मोजण्याचे एकक; आयोडीनच्या बाबतीत १ ग्रे म्हणजे १,००० मिलिसिव्हर्ट) इतकी मात्रा मिळाली. एवढ्या प्रगत देशातील प्रशिक्षित माणसांच्या बाबतीत चष्म्याची काडी आडवी आली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

म्हणून मास्क मिळाला की तो चेहऱ्याला घट्ट बसतो का, याची चाचणी करून मागावी. दाढी असल्यास काढावी. दोन दिवसांचे खुंटही मास्कची कड सैल करतात. चष्मा असलेल्यांनी मास्कच्या आत बसवायची भिंगे मागावीत. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उकाड्यात असा मास्क तासभर लावून बसणेही जिवावर येते, पण घाम पुसण्यासाठी तो मध्येच वर करणे म्हणजे तो न लावण्यासारखेच आहे. कामाची पाळी लहान ठेवावी आणि मास्क काढायचा तो स्वच्छ जागी आल्यावरच.

गोळीबद्दल

पोटॅशियम आयोडाइडची गोळी थायरॉईडला साध्या आयोडीनने इतकी तृप्त करते की मागाहून आलेल्या किरणोत्सारी आयोडीनला तेथे जागा उरत नाही. प्रौढांसाठी मात्रा १३० मिलिग्रॅम, ज्यात सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असते. शरीराची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एका गोळीत त्या गरजेच्या सहाशेहून अधिक पट आयोडीन झाले. तेव्हा ही गोळी व्हिटॅमिनसारखी ‘असू द्या, घेऊन टाकू’ म्हणून घेण्याची नाही.

तिची वेळ फार काटेकोर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार, किरणोत्सारी आयोडीनशी संपर्क येण्याच्या आधीच्या २४ तासांपासून ते संपर्क सुरू झाल्यानंतरच्या २ तासांपर्यंत ती सर्वांत उपयोगी पडते. ८ तासांपर्यंत घेतली तरी काही लाभ होतो. आणि २४ तास उलटून गेल्यावर घेतली तर लाभापेक्षा हानी जास्त होऊ शकते, कारण तोवर आत शिरलेले किरणोत्सारी आयोडीन बाहेर पडायला उलट जास्त वेळ लागतो. एका गोळीचे संरक्षण साधारण एक दिवस टिकते. काम लांबले तर पुढची गोळी घ्यायची की नाही, हे आपण स्वतः ठरवू नये. ते कामाच्या ठिकाणच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरवावे आणि लिहून द्यावे. ही गोळी इतर किरणोत्सारी द्रव्यांपासून अजिबात वाचवत नाही. सीझियमवर तिचा परिणाम नाही आणि बाहेरून येणाऱ्या गॅमा किरणांवरही नाही. गोळी घेतली म्हणून कोणी मास्क सैल केला, तर त्या गोळीने त्याचे नुकसानच केले म्हणायचे.

काहींनी आधीच सावध राहिले पाहिजे. आयोडीनची ॲलर्जी असलेले, डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस हा त्वचारोग असलेले आणि थायरॉईडमध्ये गाठी असून हृदयविकारही असलेले कामगार यांनी ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. कमी थायरॉईडसाठी थायरॉक्सिनची गोळी रोज घेणाऱ्यांना आणीबाणीत पोटॅशियम आयोडाइड घेता येते. त्यानंतर काही आठवड्यांनी टीएसएच तपासावा एवढेच. शस्त्रक्रियेने संपूर्ण ग्रंथी काढलेल्यांना मात्र या गोळीची गरज नाही. चाळिशी ओलांडलेल्यांना लाभ कमी असतो, कारण किरणोत्सारामुळे थायरॉईडचा कर्करोग होण्याची शक्यता वयाबरोबर उतरत जाते. तरीही ज्या कामगाराला मोठी मात्रा मिळण्याचा संभव आहे, त्याच्या बाबतीत वयाचा विचार मागे पडतो. गरोदर स्त्रीला अशा जागी कामाला पाठवूच नये.

मिठाचा मुद्दा गोव्यात हटकून निघतो. आपल्या आहारात बांगडा, तारली, सुंगटे आणि आयोडीनयुक्त मीठ असतेच, मग गोळी कशाला, असे कामगारांच्या आरोग्य तपासण्यांच्या वेळी मला अनेकांनी विचारले आहे. यात थोडे तथ्य आहे. चेर्नोबिलच्या परिसरात ज्या भागांत आहारातच आयोडीन कमी होते, तेथील मुलांना थायरॉईडच्या कर्करोगाचा धोका अधिक असल्याचे अभ्यासांत दिसले. म्हणजे रोजचे मासे आणि मीठ ग्रंथीला उपाशी राहू देत नाहीत, हा त्यांचा लाभ खराच. पण आणीबाणीत त्यांचा उपयोग नाही. भारतात घरात येणाऱ्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा दंडक आहे. त्या हिशेबाने एका गोळीएवढ्या आयोडीनसाठी साडेसहा किलोहून अधिक मीठ खावे लागेल. फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर मार्च २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी दुकानांतील मीठ संपवले आणि आशियाभर फिरलेल्या एका खोट्या संदेशाने गळ्याला बीटाडीन चोळायला सांगितले. जखमेवरचे आयोडीन गळ्याला लावून संरक्षण मिळत नाही आणि पोटात घेतले तर ते विषारी ठरू शकते.

काम चालू असताना आणि पाळी संपल्यावर

दूषित भागात काहीही तोंडात घालू नये. पाणी, विडी, पान यांपेक्षा तंबाखू वाईट, कारण ती तळहातावर मळली जाते. पाळी संपली की ठरवून दिलेल्या जागीच कपडे उतरवावेत. बाहेरचे कपडे काढल्यानेच अंगावरील बहुतांश दूषण जाते, आणि उरलेले कोमट पाणी व साबण यांनी, त्वचा न खरवडता, धुवावे. केसांना कंडिशनर लावू नये. त्याने कण केसांना चिकटून बसतात. कामाचे बूट आणि कपडे घरी न्यायचे नाहीत, धुण्यासाठीसुद्धा नाहीत. घरातील लहान मुलांची थायरॉईड आपल्यापेक्षा कितीतरी अधिक नाजूक असते.

गळ्याची मोजणी: ही मागून घ्यावी लागते

येथे बहुतेकांची एक समजूत चुकते. किरणोत्सारी कामात छातीवर लावायला देतात तो टीएलडी बॅज (मात्रा मोजणारा बिल्ला) बाहेरून आलेले किरण मोजतो. श्वासातून आत गेलेले आयोडीन त्यावर उमटत नाही. ते मोजण्यासाठी गळ्यासमोर संवेदक यंत्र धरून ग्रंथीतून बाहेर येणारी गॅमा किरणे मोजतात. ही तपासणी काही मिनिटांची असते, दुखत नाही, पण ती पहिल्या काही दिवसांत झाली पाहिजे, कारण दोन महिन्यांनी मोजायला काहीच शिल्लक राहत नाही. पाळी संपवून घरी जाण्यापूर्वी ‘माझ्या थायरॉईडची मोजणी कधी होणार?’ असे लेखी विचारावे. कंत्राटी कामगाराला हे विचारताना संकोच वाटतो, हे मी पाहिले आहे. तरीही विचारावे, शक्य तर सर्वांनी मिळून.

निकाल हातात आल्यावर आणखी एक बारकावा पाहावा लागतो. कागदावर बहुधा संपूर्ण शरीराची परिणामी मात्रा, म्हणजे प्रत्येक अवयवाचा ठरावीक वाटा धरून केलेली बेरीज, लिहिलेली असते आणि त्या हिशेबात थायरॉईडचा वाटा फक्त ०.०४, जुन्या पद्धतीत ०.०५, इतकाच धरतात. म्हणजे आयोडीनमुळे एकट्या थायरॉईडला १,००० मिलिसिव्हर्ट मिळाले असले, तरी त्या कागदावर ४० दिसतील. भारतात किरणोत्सारी कामातील कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे, त्यामुळे ४० हा आकडा किंचित जास्त एवढाच भासतो आणि विषय तेथेच संपतो. म्हणून ‘थायरॉईडची मात्रा वेगळी लिहून द्या’ अशी मागणी करावी.

पुढची वर्षे

मोठी मात्रा मिळालेल्यांत पुढे दोन प्रकारच्या गोष्टी उद्भवू शकतात. पहिली, ग्रंथीचे काम मंदावणे. ते अधिक करून बरीच मोठी मात्रा मिळालेल्यांत दिसते आणि रक्ताच्या साध्या तपासणीत पकडले जाते. थकवा, वजन वाढणे, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठता ही त्याची लक्षणे. थायरॉक्सिनच्या गोळीने ते आटोक्यात राहते. गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्यावी आणि लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत व तिच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. दुसरी गोष्ट म्हणजे गाठ, आणि क्वचित कर्करोग. चेर्नोबिलच्या कामगारांवर बेलारूस, रशिया आणि बाल्टिक देशांत झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थायरॉईडची मात्रा वाढेल तसा कर्करोगाचा धोका वाढत गेल्याचे आढळले. म्हणजे मुलांइतका नसला, तरी प्रौढ कामगाराला धोका आहे. असा कर्करोग किरणोत्सारामुळे व्हायला काही वर्षे जावी लागतात. दुर्घटनेनंतर महिन्याभरात सोनोग्राफीत दिसलेली गाठ दुर्घटनेची नव्हे, ती आधीपासूनच तेथे होती.

हा मुद्दा मी लांबवतो आहे, कारण परतलेला कामगार घाबरून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायला निघतो आणि त्यातून वेगळेच दुखणे उभे राहते. निरोगी प्रौढांच्या थायरॉईडमध्येही लहान गाठी सर्रास आढळतात. दक्षिण कोरियात सरसकट सोनोग्राफी सुरू झाल्यावर १९९३ ते २०११ या काळात थायरॉईडच्या कर्करोगाच्या निदानांचे प्रमाण सुमारे १५ पटींनी वाढले, परंतु त्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण बदलले नाही. हजारोंची ग्रंथी मात्र काढली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञ गटानेही २०१८ मध्ये अणुदुर्घटनेनंतर सरसकट सर्वांची थायरॉईड तपासणी करू नये असेच सांगितले.

मग करायचे काय? थायरॉईडची मात्रा नगण्य असेल, तर वर्षातून एकदा नेहमीची आरोग्य तपासणी पुरे. ती १०० मिलिग्रेच्या वर असेल, तर किती वर्षांनी टीएसएच आणि सोनोग्राफी करायची हे एंडोक्रायनोलॉजिस्टबरोबर (संप्रेरकांच्या विकारांचे तज्ज्ञ) बसून, लाभ आणि तोटा दोन्ही समजून घेऊन ठरवावे. मधल्या काळात आरशासमोर उभे राहून, मान किंचित मागे करून, पाण्याचा घोट घेताना कंठमण्याखाली एखादा फुगवटा वर-खाली सरकताना दिसतो का, हे अधूनमधून पाहावे. गळ्यात वाढणारी गाठ, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, गिळताना अडथळा, यांपैकी काही आढळल्यास वाट न पाहता दाखवावे. सोनोग्राफीत गाठ संशयास्पद वाटली, तर बारीक सुईने पेशी काढून तपासतात. एक सेंटिमीटरहून लहान पॅपिलरी (थायरॉईडच्या कर्करोगाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार) कर्करोगात लगेच शस्त्रक्रिया न करता लक्ष ठेवण्याची पद्धत जपानमध्ये कोबे येथील कुमा रुग्णालयाने १९९३ मध्ये सुरू केली आणि ती आता अनेक ठिकाणी स्वीकारली गेली आहे. तेव्हा तोही पर्याय डॉक्टरांना विचारावा.

नोंदवही

गोळीचा प्रभाव एक दिवसाचा, पण कागदाची गरज तीस वर्षांनीही लागू शकते. डिसेंबर २०१६ मध्ये जपानच्या कामगार मंत्रालयाने फुकुशिमात काम केलेल्या, चाळिशीतल्या एका कर्मचाऱ्याच्या थायरॉईडच्या कर्करोगाला कामामुळे झालेला आजार म्हणून मान्यता दिली. निकष होता १०० मिलिसिव्हर्ट किंवा अधिक मात्रा आणि संपर्कानंतर किमान पाच वर्षांनी झालेला आजार. मात्रेची नोंद नसती तर हा निर्णय होऊ शकला नसता. आपल्याकडेही १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने व्यावसायिक आजारांच्या यादीत किरणोत्सारामुळे होणारे आजार धरलेले होते. पण यादीत आजार असणे आणि आपल्याला तो कामामुळेच झाला हे दाखवता येणे, यांत मोठे अंतर आहे.

साधी दोनशे पानी वही घ्यावी. प्रत्येक पाळीची तारीख, आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ, नेमकी जागा, कोणता मास्क व कोणता फिल्टर, गोळी घेतली असल्यास तिची मात्रा व मिनिटापर्यंत वेळ, बॅजचा आकडा, गळ्याच्या मोजणीची तारीख आणि निकाल, आणि बरोबर काम करणाऱ्या दोघांची नावे, एवढे त्याच दिवशी लिहावे. भारतात किरणोत्सारी कामातील प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि त्याच्या मात्रेची नोंद भाभा अणुसंशोधन केंद्राच्या राष्ट्रीय नोंदणीत राहते. कंत्राटदार बदलला तरी हा क्रमांक बदलत नाही, म्हणून तो वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहावा. कैग्याचे काम संपवून पुढे दुसऱ्या राज्यात गेलेल्या कामगाराला जुन्या कंत्राटदाराचा पत्ताही सापडत नाही, तेव्हा हाच क्रमांक कामी येतो. मशीनमधून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्यांची शाई आपल्या दमट हवेत एक-दोन पावसाळ्यांत उडून जाते. त्यांची झेरॉक्स लगेच काढावी, एक प्रत वहीत चिकटवावी आणि दुसरी घरात वाळवी पोहोचणार नाही अशा पत्र्याच्या ट्रंकेत ठेवावी.